टॅब बदलायचा, की आहे तोच चालवायचा?

टॅबलेट हे मोबाइलपेक्षा सावकाश म्हातारे होणारे यंत्र आहे. मोबाइल दिवसभर खिशात असतो, हातातून पडतो, पावसात भिजतो, रोज रात्री चार्जिंगला लागतो. टॅब बहुतेक वेळ घरातच, सोफ्यावर नाहीतर अभ्यासाच्या टेबलावर असतो. त्याची बॅटरी मोठी असते, त्यामुळे पुष्कळ घरांत दोन दिवसांतून एकदा चार्ज केला तरी भागते. दर तीन वर्षांनी मोबाइल बदलणाऱ्या घरातही सहा-सात वर्षांचा टॅब व्यवस्थित चालताना दिसतो तो यामुळेच. तरीही दर वर्षी नवे मॉडेल येते, दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये एक्स्चेंजचा भाव लागतो आणि जुना देऊन नवा घ्यावा का, हा प्रश्न घरात उभा राहतो.

या प्रश्नाची सुरुवात नव्या टॅबच्या जाहिरातीपासून केली की उत्तर ठरलेलेच असते. ती घरातल्या जुन्या टॅबपासून करावी. त्याला अजून अपडेट मिळतात का, बॅटरी किती टिकते, आत जागा किती उरली आहे आणि ज्या कामासाठी तो घेतला ते काम तो करतो का, एवढे तपासले की निर्णयाचा मोठा भाग होऊन जातो. ही तपासणी घरबसल्या एका संध्याकाळी होते आणि तिला पैसे पडत नाहीत.

लवकर लवकर टॅब बदलण्याची सवय ज्या काळात लागली, तो काळ खरोखर वेगळा होता. ॲपलने पहिला आयपॅड २७ जानेवारी २०१० रोजी जगाला दाखवला. भारतात तो अधिकृतपणे विकला जायला २०११चा जानेवारी उजाडला. त्याला कॅमेरा नव्हता, रॅम अवघी २५६ एमबी होती आणि वजन ६८० ग्रॅम. २०११च्या आयपॅड २मध्ये दोन कॅमेरे आले, रॅम दुप्पट झाली, जाडी १३.४ मिलिमीटरवरून ८.८ मिलिमीटरवर आली. मार्च २०१२मधल्या तिसऱ्या आयपॅडच्या पडद्यावर आधीच्या चौपट बिंदू होते. वाचणाऱ्याला अक्षरांच्या कडा पहिल्यांदाच छापील पुस्तकासारख्या गुळगुळीत दिसल्या. त्याच वर्षी आलेली आयओएस ६ ही प्रणाली मात्र पहिल्या आयपॅडवर चालत नव्हती. म्हणजे अडीच वर्षांत तो मागे पडला होता. तिसरा आयपॅड घेणाऱ्यांना तर सात-आठ महिन्यांतच चौथा आयपॅड दुकानात दिसला, अधिक वेगवान चिप आणि चार्जिंगची वेगळीच पिन असलेला.

भारतातला अनुभवही तसाच होता. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत ‘आकाश’ हा विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त टॅब सादर केला. ७ इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. पडदा दाबावर चालणारा होता, त्यामुळे हलक्या स्पर्शाने काम होत नसे. वर्षभराने, नोव्हेंबर २०१२मध्ये, आयआयटी मुंबईच्या सहभागाने आलेल्या ‘आकाश २’मध्ये प्रोसेसर १ गिगाहर्ट्‌झचा झाला, रॅम ५१२ एमबी झाली आणि पडदा स्पर्श ओळखणारा झाला. अशा काळात दोन वर्षांपूर्वीचा टॅब खरोखरच जुनापुराणा ठरत असे आणि बदलणाऱ्याला बदलाचे मोल मिळत असे.

पुढे हा वेग ओसरला. ऑक्टोबर २०१४मध्ये आलेल्या आयपॅड एअर २वर २०२१ची आयपॅडओएस १५ चालली. एकाच यंत्राने सात वर्षे नव्या प्रणाली पेलल्या. पडदा डोळ्यांना आणखी बारीक दिसणार नाही इतका बारीक झालेला होता, वजन पाचशे ग्रॅमच्या खाली आलेले होते आणि सिनेमा पाहणे, पीडीएफ वाचणे, व्हिडिओ कॉल करणे या कामांना लागते त्याहून जास्त ताकद चिपमध्ये होती. तेव्हापासून दर वर्षी होणारी सुधारणा खरी असली, तरी घरगुती वापरात ती जाणवेलच असे नाही. सध्याच्या निर्णयाचा पाया हाच आहे.

टॅब खऱ्या अर्थाने जुना होतो तो सॉफ्टवेअरच्या बाजूने, आणि ते टप्प्याटप्प्याने घडते. आधी नव्या प्रणालीची मोठी आवृत्ती मिळणे थांबते. एवढ्यावरून टॅब टाकायचे कारण नसते; जुन्या आवृत्तीवर सगळी ॲप पूर्वीसारखीच चालतात. मग काही काळाने सुरक्षेचे अपडेट थांबतात. ही बाब गंभीर आहे. प्रणालीतली फट उघडकीला आली की कंपन्या ती नव्या यंत्रांवर बुजवतात, पण त्याच फटीची माहिती जुन्या यंत्रांवर हल्ला करणाऱ्यांनाही मिळालेली असते. शेवटी एकेक ॲप साथ सोडते. ॲपच्या दुकानात ‘हे ॲप या डिव्हाइसवर चालणार नाही’ अशी ओळ दिसू लागते. गुगलच्या क्रोम ब्राउझरने २०२५मध्ये अँड्रॉइड ८ आणि ९ यांची साथ सोडली. त्या टॅबवर आधीचा क्रोम उघडतो, पण त्याला दुरुस्त्या मिळत नाहीत.

याहून वेगळा एक प्रकार आहे आणि तो पुष्कळांना कोड्यात टाकतो. टॅब धडधाकट असतो, वाय-फाय चालू असते, तरीही काही संकेतस्थळे ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडतच नाहीत. कारण असे, की प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटवण्यासाठी एक डिजिटल प्रमाणपत्र दाखवते, आणि ते खरे की खोटे हे टॅब आपल्याजवळच्या मूळ प्रमाणपत्रांच्या यादीवरून ठरवतो. या मूळ प्रमाणपत्रांनाही मुदत असते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था जगातल्या असंख्य संकेतस्थळांना मोफत प्रमाणपत्रे देते. तिची प्रमाणपत्रे ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या भरवशावर चालत होती, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. नव्या यंत्रांच्या यादीत त्या जागी दुसरे मूळ प्रमाणपत्र आधीच दाखल झालेले होते. आयओएस ९वर अडकलेल्या आयपॅड २ आणि तिसऱ्या आयपॅडकडे ते नव्हते. आदल्या दिवशी उघडणारी कितीतरी संकेतस्थळे त्या दिवसापासून त्यांच्यावर बंद पडली. यंत्रात बिघाड काहीच नव्हता. त्याची यादी जुनी झाली होती आणि नवी यादी द्यायला अपडेट येत नव्हते.

म्हणून पहिली तपासणी सेटिंग्जमध्ये करायची. अँड्रॉइड टॅबवर ‘अबाउट टॅबलेट’ किंवा ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’ या भागात सिक्युरिटी पॅचची तारीख असते. ती गेल्या काही महिन्यांतली असेल तर टॅब अजून सांभाळला जातो आहे. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल, तर त्या टॅबवर बँकेचे व्यवहार, आधारसारखी कागदपत्रे किंवा मुख्य ईमेल ठेवू नये. सिनेमा आणि गाण्यांना तो चालेल. आयपॅडच्या बाबतीत मॉडेल कळले की पुरते. सप्टेंबर २०२५मध्ये आलेली आयपॅडओएस २६ ही प्रणाली साध्या आयपॅडच्या मालिकेत २०२०च्या आठव्या पिढीपासून पुढे चालते. २०१९चा सातव्या पिढीचा आयपॅड तिच्याबाहेर राहिला, म्हणजे त्याला सहा वर्षे मिळाली.

दुसरी तपासणी सर्वांत जास्त ऐकू येणाऱ्या तक्रारीची: टॅब हँग होतो. टॅब बदलण्याचे हे सर्वांत वारंवार दिले जाणारे कारण आहे आणि सर्वांत कमी तपासले जाणारेही. टॅब मंद होतो त्याची कारणे वेगवेगळी असतात, आणि त्यांतली काही घरीच दूर करता येतात. स्टोरेज काठोकाठ भरले की मेमरीच्या चिपला नवे काही लिहायला मोकळी जागा शोधत बसावे लागते, जुने पुसून मग नवे लिहावे लागते, आणि प्रत्येक काम अडखळते. व्हॉट्सॲपवर आलेले सुप्रभातचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ, डाउनलोड करून ठेवलेले आणि पाहून झालेले भाग, वर्षभरात एकदाही न उघडलेले गेम काढून दहा-पंधरा टक्के जागा मोकळी केली, की पुष्कळ टॅब पुन्हा हलके चालू लागतात. तेवढ्याने भागले नाही, तर महत्त्वाचे सगळे दुसरीकडे ठेवून फॅक्टरी रीसेट करून पाहावे. त्यानंतरही कीबोर्डवर ‘क’ दाबल्यावर पडद्यावर ‘क’ उमटायला क्षणभर थांबावे लागत असेल, तर मात्र दोष यंत्राच्या ताकदीचाच आहे. दोन-तीन जीबी रॅमच्या अँड्रॉइड टॅबवर आजची ॲप दाटीवाटीने राहतात. एक उघडले की दुसरे बंद पडते, आणि परत गेल्यावर ते पहिल्यापासून सुरू होते.

स्वस्त टॅबमधली स्टोरेजची चिप हेही मंदपणाचे एक कारण असते. २०१२मध्ये गुगल आणि असुस यांनी मिळून काढलेला नेक्सस ७ त्या काळी फार वाखाणला गेला होता. पुढे त्यावर अँड्रॉइड ५ आले आणि तो इतका मंदावला, की अनेकांनी मागच्या आवृत्तीवर परतण्याचा खटाटोप केला. प्रणाली जड झाली होती आणि आतली साठवण तिला पुरी पडत नव्हती. म्हणून जुन्या टॅबवर मोठी आवृत्ती चढवताना घाई करू नये. सुरक्षेचे छोटे अपडेट लगेच घ्यावे; संपूर्ण नवी आवृत्ती मात्र त्याच मॉडेलवर ती कशी चालते हे कळल्यावर घ्यावी.

तिसरी तपासणी बॅटरीची. लिथियम-आयन बॅटरी प्रत्येक चार्जिंगबरोबर थोडी थोडी झिजते. आयपॅडच्या बॅटरीबद्दल ॲपलचे म्हणणे असे, की योग्य वापरात १००० पूर्ण चार्जिंगनंतरही मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत क्षमता उरावी, अशी तिची रचना असते. पूर्ण चार्जिंग म्हणजे शंभर टक्क्यांची एक फेरी. आज साठ आणि उद्या चाळीस टक्के वापरले की एक फेरी होते. दोन दिवसांत एक फेरी धरली, तर १००० फेऱ्यांना साडेपाच वर्षे लागतात. हा हिशेब कागदावरचा आहे, कारण उष्णता तो बिघडवते. आयपॅड वापरण्यासाठी ॲपलने शून्य ते ३५ अंश सेल्सियस एवढेच तापमान सांगितले आहे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्या दिवसांत गादीवर, उशीखाली चार्जिंगला लावून व्हिडिओ पाहिला जाणारा टॅब आपले आयुष्य वेगाने खर्च करत असतो.

बॅटरीची परीक्षा सोपी आहे. रात्री टॅब पूर्ण चार्ज करावा, वाय-फाय बंद करावे आणि सकाळी आकडा पाहावा. चार-पाच टक्के उतरले तर काळजी नाही. पंचवीस-तीस उतरले, किंवा तीस टक्के दाखवत असताना टॅब एकदम बंद पडला, तर बॅटरी थकली आहे. नंतर टॅब कव्हरमधून काढून गुळगुळीत टेबलावर पाठीवर ठेवावा आणि एका कोपऱ्याला बोटाने हलका धक्का द्यावा. सपाट पाठीचा टॅब जरासा सरकून थांबतो. तो भोवऱ्यासारखा गरकन फिरला, तर पाठ मध्यभागी फुगली आहे, म्हणजे आत बॅटरी फुगू लागली आहे. (कॅमेऱ्याचा उंचवटा असलेल्या टॅबवर ही खूण चालत नाही, तिथे काच कडेने उचलली गेली आहे का ते पाहावे.) फुगलेल्या बॅटरीचा टॅब त्याच दिवशी चार्ज करणे थांबवावे. तिथे बदलावे की न बदलावे हा प्रश्न उरत नाही. निदान बॅटरी तरी काढावीच लागते.

नुसती थकलेली बॅटरी हे नव्या टॅबचे कारण होऊ शकत नाही. ती बदलून मिळते, आणि अपडेट चालू असलेल्या टॅबला नवी बॅटरी घातली तर आणखी दोन-तीन वर्षे सहज निघतात. काम मात्र नाजूक असते. टॅबची बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते आणि तिथे पोचायला काच गरम करून उचलावी लागते. काच तडकली तर खर्च वाढतो. शक्य तिथे कंपनीच्या अधिकृत केंद्रातूनच हे काम करून घ्यावे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात ते स्वस्तात होऊ शकते, पण बॅटरी कोणती घातली आणि तिला किती दिवसांची हमी आहे, हे आधी लेखी घ्यावे.

या सगळ्या तपासण्या एका प्रत्यक्ष उदाहरणावर लावून पाहता येतील. सप्टेंबर २०२१मध्ये आलेला नवव्या पिढीचा आयपॅड भारतात ३०,९०० रुपयांपासून मिळत होता आणि तो पुष्कळ विद्यार्थ्यांकडे आहे. त्याच मालिकेतला पुढचा आयपॅड, ए१६ चिपचा, मार्च २०२५मध्ये ३४,९०० रुपयांना आला. मधली २०२२ची दहावी पिढी धरली तर दोन पिढ्यांचा फरक. कागदावर बदल बराच आहे. चिप ए१३वरून ए१६वर गेली, रॅम ३ जीबीवरून ६ जीबी झाली, पायाचे स्टोरेज ६४ जीबीवरून १२८ जीबी झाले, पडदा १०.२ इंचांवरून १०.९ इंचांचा झाला आणि चार्जिंगची पिन यूएसबी-सी झाली.

हातात घेतल्यावर चित्र जरा वेगळे दिसते. जुन्याचे वजन ४८७ ग्रॅम, नव्याचे ४७७. दहा ग्रॅमचा फरक हाताला कळत नाही. बॅटरीबद्दल दोघांनाही कंपनी दहा तासच सांगते. दोन्ही पडदे सेकंदाला ६० वेळाच ताजे होतात, आणि दोन्हींत वरची काच आणि आतला पडदा यांच्यात बारीक पोकळी आहे. पेन्सिलीने लिहिताना टोक आणि उमटणारी रेघ यांच्यात जी किंचित फट दिसते, ती या पोकळीमुळे, आणि नवा आयपॅड घेऊनही ती जात नाही. ए१६ आयपॅडवर ‘ॲपल इंटेलिजन्स’ ही कंपनीची कृत्रिम बुद्धिमत्तेची सोयही चालत नाही. तिला ए१७ प्रो किंवा एम१ आणि त्यापुढची चिप लागते. त्या सोयीसाठी कोणी हा बदल करत असेल, तर त्याची निराशा होईल.

खरा लाभ मिळतो तो दोन ठिकाणी. पहिले ठिकाण स्टोरेजचे. आयपॅडला मेमरी कार्डची खाच नसते, त्यामुळे ६४ जीबी भरले की भरले. प्रणाली आणि ॲप यांनीच त्यातला मोठा वाटा घेतलेला असतो. उरलेल्यात क्लासचे रेकॉर्ड केलेले तास, स्कॅन केलेली पुस्तके आणि फोटो कोंबावे लागतात. नीट किंवा सीईटीची तयारी करणारा विद्यार्थी दर आठवड्याला काहीतरी पुसून जागा करत असेल, तर १२८ जीबी त्याच्या रोजच्या उपयोगाचे आहेत. दुसरे ठिकाण समोरच्या कॅमेऱ्याचे. नवव्या पिढीत तो आखूड कडेवर आहे. आयपॅड आडवा उभा करून ऑनलाइन तासाला बसले की कॅमेरा डाव्या किंवा उजव्या बाजूला येतो आणि शिक्षकांना विद्यार्थी दुसरीकडेच बघतो आहे असे दिसते. दहाव्या पिढीपासून कॅमेरा लांब कडेच्या मध्यावर आला, त्यामुळे समोर बघणारा माणूस समोर बघताना दिसतो. रोज दोन-तीन तास व्हिडिओवर शिकवणाऱ्या शिक्षकाला ही साधी सोय चिपच्या वेगापेक्षा मोलाची आहे.

या बदलात काही गमवावेही लागते. नवव्या पिढीचे होम बटण नव्यात नाही. सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना ‘काही अडले की हे गोल बटण दाबा’ एवढे शिकवून ठेवलेले असते. नव्या आयपॅडवर खालून वर बोट सरकवायला शिकावे लागते आणि बोटाचा ठसा वरच्या कडेच्या बटणावर द्यावा लागतो. हेडफोनची खाच गेली. जुने कव्हर बसत नाही, जुना कीबोर्ड लागत नाही. पहिल्या पिढीची ॲपल पेन्सिल चालते, पण ती जोडायला आणि चार्ज करायला वेगळे अडॅप्टर घ्यावे लागते. म्हणजे ३४,९०० हा आकडा दुकानातून बाहेर पडताना तेवढाच राहत नाही.

ही पेन्सिलीची बाब सर्वच महाग टॅबना लागू आहे आणि तिच्याकडे फार कमी लोक आधी लक्ष देतात. २०१८मध्ये आलेली दुसऱ्या पिढीची ॲपल पेन्सिल २०२४च्या एम२ आयपॅड एअरवर आणि एम४ आयपॅड प्रोवर चालत नाही. तिथे पेन्सिल प्रो किंवा यूएसबी-सीची पेन्सिल नव्याने घ्यावी लागते. जुनी पेन्सिल हातात घट्ट बसलेल्या चित्रकारासाठी तो खर्चही मोठा आणि बदलही मोठा. टॅब बदलण्याचा हिशेब करताना टॅब, पेन्सिल, कीबोर्ड, कव्हर आणि स्क्रीन गार्ड हे सगळे एका कागदावर लिहून बेरीज करावी.

नवव्या पिढीचा आयपॅड ज्याच्याकडे आहे आणि ज्याचे स्टोरेज भरलेले नाही, त्याने २०२५चा साधा आयपॅड घेण्याची घाई करू नये. जुन्यावर आयपॅडओएस २६ चालते. सातव्या पिढीच्या किंवा त्याआधीच्या आयपॅडवाल्याची गोष्ट वेगळी: त्याला अपडेटची वर्षे, दुप्पट-तिप्पट रॅम आणि मोठा पडदा असे सगळेच मिळते, आणि ते सगळे रोज जाणवणारे आहे.

अँड्रॉइड टॅबचे गणित याहून अवघड असते, कारण एकाच नावाच्या बाजारात फार वेगवेगळ्या दर्जाची यंत्रे आहेत. सॅमसंगने २०२४च्या गॅलेक्सी टॅब एस१० मालिकेला सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले. आदल्या वर्षीच्या एस९ला सुरक्षेची पाच वर्षे सांगितली होती. याउलट दहा-बारा हजारांच्या अनेक टॅबना एखादी नवी आवृत्ती मिळते आणि मग शुकशुकाट होतो. समजा, १२,००० रुपयांचा टॅब दोन वर्षे नीट चालला, तर वर्षाला ६,००० रुपये पडले. ३५,००० रुपयांचा टॅब सात वर्षे चालला, तर वर्षाला ५,००० पडले. महाग यंत्र स्वस्त पडू शकते, पण ते खरोखर सात वर्षे वापरले तरच. दर दोन वर्षांनी बदलण्याची हौस असणाऱ्याने महाग टॅब घेणे हा सर्वांत खर्चिक मार्ग आहे.

अँड्रॉइडमध्ये नवा टॅब घेताना एक बारीक गोष्ट दुकानातच तपासावी. सशुल्क सिनेमे आणि मालिका दाखवणारी ॲप यंत्राची वाइडवाइन नावाची सुरक्षापातळी पाहतात. ती ‘एल१’ असेल तर स्पष्ट, एचडी चित्र मिळते. ‘एल३’ असेल तर पडदा कितीही चांगला असला तरी चित्र डीव्हीडीच्या दर्जाचे येते. जुना टॅब एल१ आणि स्वस्तातला नवा टॅब एल३ असेल, तर पैसे देऊन चित्र बिघडवून घेतल्यासारखे होते. नेटफ्लिक्सच्या ॲपच्या सेटिंगमध्ये ही पातळी दिसते.

वापरानुसार निवाडा बदलतो, पण बहुतेकांच्या बाबतीत तो लवकर लागतो. वाचन, सिनेमा, भजने-कीर्तने, नातवंडांशी व्हिडिओ कॉल एवढाच वापर असेल, तर अपडेट आणि बॅटरी शाबूत असेपर्यंत बदलण्याची गरज नाही. चित्रकार, व्हिडिओ संपादन करणारे, आर्किटेक्चरचे विद्यार्थी यांना मात्र नव्या पिढीचा उपयोग होतो, आणि तोही साध्या मॉडेलमध्ये नव्हे. काचेला चिकटलेला पडदा आयपॅड एअरमध्ये मिळतो. सेकंदाला १२० वेळा ताजा होणारा पडदा आयपॅड प्रोमध्ये २०१७पासून आहे. तिथे रेघ पेन्सिलीच्या टोकाखालीच उमटते. दिवसाचे सहा तास रेघा काढणाऱ्याच्या हाताला आणि डोळ्यांना हा फरक पहिल्या दिवशी कळतो. सरकारी योजनेतून मिळालेले टॅब, उदाहरणार्थ राज्य सरकारच्या महाज्योती या संस्थेने प्रवेश परीक्षांच्या विद्यार्थ्यांना दिलेले, परीक्षेनंतर कपाटात पडून राहतात. त्यांची सिक्युरिटी पॅचची तारीख पाहून ते धाकट्या भावंडाला देता येतात.

बदलायचे ठरलेच, तर घाई हप्त्यांमुळे होऊ नये. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये बँक व्याज लावतेच; तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी आधी सूट म्हणून वजा करते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र ग्राहकाला भरावा लागतो, आणि काही बँका प्रक्रिया शुल्कही घेतात. रोखीने घेताना जी सूट मिळाली असती तीही कधी कधी हातची जाते. त्यापेक्षा नवे मॉडेल बाजारात आल्यावर मागच्या वर्षीचे मॉडेल बघावे. त्याची किंमत उतरते आणि अपडेटचे एखादेच वर्ष कमी मिळते. एकच खर्च वाढवायचा असेल तर तो स्टोरेजवर वाढवावा, कारण आयपॅडमध्ये ते पुढे कधीच वाढवता येत नाही. अँड्रॉइडमध्ये मेमरी कार्डची खाच आहे का ते पाहून ठरवावे.

जुना टॅब कोणालाही देण्याआधी त्यावरचे ॲपल किंवा गुगल खाते साइन आउट करून मगच रीसेट करावे. हे विसरले तर टॅब नव्या माणसाच्या हातात गेल्यावर जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसतो आणि कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही. अपडेट बंद झालेला, पण चालणारा टॅब स्वयंपाकघरात पाककृती पाहायला, देवघरात आरत्या लावायला किंवा फोटोंची चौकट म्हणून वर्षानुवर्षे चालतो, कारण त्यावर बँकेचे किंवा ओळखीचे काही नसते. टॅबमुळे पर्यावरणावर पडणाऱ्या भाराचा मोठा हिस्सा तो कारखान्यात तयार होतानाच पडून गेलेला असतो, त्यामुळे त्याला कामाला लावलेले प्रत्येक जास्तीचे वर्ष उपयोगाचेच आहे.

पूर्ण बंद पडलेला टॅब भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नये. आतली बॅटरी दाबली गेली किंवा तिला भोक पडले तर ती पेट घेते. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या यंत्रांचे रीसायकलिंग करून घेण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा नोंदणीकृत ई-कचरा संकलन केंद्रात तो नेऊन द्यावा, आणि बॅटरी फुगलेली असेल तर त्यासाठी नवा टॅब घरात येण्याची वाट पाहू नये.